खाऱ्या पाण्याच्या टाकीतले परजीवी : विदर्भातल्या गावात मासे वेगळे ठेवायची आणि वाचवायची रीत

व्हेल्वेट नावाच्या परजीवीने धरलं की मासा दोन दिवसांतही जातो. मुंबईहून निघालेलं औषधाचं पार्सल अकोट, दर्यापूर किंवा वणीकडच्या एखाद्या गावात पोचायला चार दिवस लागतात, मधे रविवार आला तर पाच. शहरातला माणूस मासा आजारी पडल्यावर दुकान गाठतो. आपल्याला मासा यायच्या आधीच दुसरी टाकी, औषध आणि मोजमापाची साधनं घरात ठेवावी लागतात. खाली जे सांगतोय ते सगळं या एका हिशेबावर उभं आहे.

समुद्र सहाशे किलोमीटर लांब, मे महिन्यात पारा ४५ वर, लाईटचा भरवसा नाही, आणि घरी आलेला प्रत्येक पाहुणा विचारणार, "तळून खायाले चालत नाहीत तं कायले पोसता बाप्पा?" एवढं सोसून ज्यांनी क्लाउनफिश, डॅमसेल, टँग असे समुद्री मासे पाळलेत त्यांच्यासाठी हा लेख आहे. समुद्रघोडे आणि खरे प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. कोणी स्वस्तात देतो म्हणाला तरी त्या वाटेला जाऊ नका.

पहिल्यांदा पाणी

पूर्णा खोऱ्यातल्या, म्हणजे अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यातल्या माणसाला हमखास सल्ला मिळतो: "आपल्या बोरिंगचं पाणी खारटच हाय, तेच टाक ना." ते पाणी खारट असलं तरी समुद्राचं नाही. त्यातल्या क्षारांचं आपसातलं प्रमाण वेगळं असतं, कॅल्शियम-मॅग्नेशियमचा मेळ बसत नाही, वर नायट्रेट असू शकतं. यवतमाळ-चंद्रपूरच्या काही गावांत फ्लोराइडचीही भर. नळाच्या पाण्यात ग्रामपंचायतीने टाकलेली टीसीएल (ब्लीचिंग) पावडर असते. म्हणून आरओचंच पाणी घ्या. गावातल्या प्लँटवरचं कॅनचं पाणी चालतं, पण विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर बुडवून बघा. वीस-तीसच्या आत आकडा असेल तर ठीक. शंभर-दीडशे दाखवत असेल तर त्या प्लँटचा मेम्ब्रेन थकलाय, नाहीतर चवीसाठी साधं पाणी मिसळतात. थंड कॅन आणलं तर पाणी खोलीच्या तापमानावर येऊ द्या.

मीठ समुद्री ॲक्वेरियमचंच लागतं. एका लिटरला साधारण ३६ ते ३८ ग्रॅम टाकलं की घनता १.०२५ च्या आसपास येते. मोजायला रिफ्रॅक्टोमीटर घ्या. काचेचा तरंगणारा हायड्रोमीटर बुडबुडे चिकटले की खोटं सांगतो. रिफ्रॅक्टोमीटर खरा आहे का हे घरीच तपासता येतं. ३६.५ ग्रॅम स्वयंपाकाचं मीठ आणि ९६३.५ ग्रॅम आरओचं पाणी एकत्र विरघळवा. हे द्रावण रिफ्रॅक्टोमीटरवर ३५ पीपीटी, म्हणजे हजार भागांत ३५ भाग क्षार, दाखवायला हवं. नाही दाखवलं तर स्क्रू फिरवून जुळवा. हे पाणी फक्त तपासणीपुरतं, माशांना त्यात सोडायचं नाही. साधा पाण्याचा थेंब टाकून शून्य जुळवला तरी वरच्या टोकाला चूक राहू शकते, म्हणून हा खटाटोप.

दुसरी टाकी

दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशी साधी काचेची टाकी दोन-तीन लहान माशांना पुरते. पन्नासेक लिटर पाणी बसतं. आत वाळू नको, दगड नको, शंख-शिंपले तर अजिबात नकोत. चुनखडीचे दगड आणि वाळू कॉपर (परजीवीवरचं तांब्याचं औषध) शोषून घेतात, मग औषधाचा आकडा कधीच स्थिर राहत नाही. वाळूत परजीवीच्या गाठी लपतात हे वेगळंच. माशाला दडायला हार्डवेअरच्या दुकानातले कोरे पीव्हीसी एल्बो आणि टी टाका. सोल्युशन लावलेले जुने तुकडे नकोत.

हवेचा पंप, स्पंज फिल्टर, थर्मामीटर, हिवाळ्यापुरता हीटर आणि वर जाळी. जाळी विसरू नका. नवीन मासा घाबरून रात्री उडी मारतो आणि सकाळी फरशीवर वाळलेला सापडतो.

सगळ्यात महत्त्वाचा तो स्पंज. तो कायम मुख्य टाकीच्या संपमध्ये, म्हणजे फिल्टरसाठी जोडलेल्या टाकीत, पडू द्या. तीन-चार आठवड्यांत त्यात अमोनिया खाणारे जिवाणू वसतात. मासा येणार त्या दिवशी उचलून वेगळ्या टाकीत लावला की टाकी पहिल्या दिवसापासून चालती होते. कोरा स्पंज लावून ठेवलेल्या टाकीत मासे परजीवीने नाही, अमोनियाने मरतात, आणि दोष औषधाला जातो. एकदा औषधाच्या पाण्यात गेलेला स्पंज मात्र परत मुख्य टाकीत टाकायचा नाही.

दोन टाक्यांत दहा फुटांचं अंतर ठेवा, दुसरी खोली असेल तर उत्तम. हवेच्या बुडबुड्यांतून उडणाऱ्या बारीक तुषारांवर बसून व्हेल्वेट बाजूच्या टाकीत जातो. जाळी, नळी, मग, हात पुसायचा कपडा सगळं वेगळं. लाल टेप गुंडाळलेलं सगळं सामान क्वारंटाइनचं, असं घरात सांगून ठेवा, नाहीतर तोच मग बाथरूममध्ये सापडतो.

शेतकऱ्याच्या घरात आणखी एक गोष्ट. फवारणीची बादली, मोजमापाचं झाकण, पंपाची नळी कितीही धुतली तरी माशांच्या कामाला घेऊ नका. कपाशीवर फवारणी चालू असताना त्या बाजूच्या खिडक्या बंद ठेवा. हवेचा पंप खोलीतली हवा ओढून थेट पाण्यात सोडतो. ग्रामपंचायतीची धूरफवारणी आणि मच्छर अगरबत्ती यांनाही हेच लागू.

पिशवी उघडताना

मुंबई-पुण्याहून ट्रॅव्हल्सने किंवा रेल्वे पार्सलने आलेला मासा रात्रभर, कधी त्याहून जास्त वेळ बंद पिशवीत असतो. श्वासाने पाण्यात कार्बन डायऑक्साइड साचतो, पीएच घसरतो, आणि त्यामुळेच साचलेला अमोनिया फारसा विषारी नसलेल्या रूपात राहतो. पिशवी उघडली की वायू उडतो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया कल्ल्यांना जाळू लागतो. म्हणून लांबून आलेल्या माशाला बादलीत ओतून तास-दीड तास थेंब-थेंब पाणी देत बसू नका.

पाठवणाऱ्याला आदल्या दिवशीच फोन करून त्याच्या पाण्याची घनता विचारा. बरेच दुकानदार मीठ वाचवायला आणि परजीवी दबून राहावेत म्हणून १.०१८ ते १.०२० ठेवतात. आपल्या क्वारंटाइन टाकीची घनता तेवढीच ठेवायची. बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटं तरंगत ठेवून तापमान जुळवा, मग उघडा, मासा हाताने किंवा डब्याने उचलून टाकीत सोडा. पिशवीतलं पाणी टाकीत जाऊ देऊ नका. पुढच्या तीन-चार दिवसांत घनता हळूहळू १.०२५ पर्यंत चढवा. घनता उतरलेली मासा सहन करतो, झपाट्याने चढलेली नाही.

जमलं तर हॅचरीत जन्मलेला क्लाउनफिश मागा. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने (सीएमएफआरआय) मंडपम आणि विझिंजमच्या केंद्रांत त्याच्या बीजोत्पादनाचं तंत्र बसवलं आहे, त्यामुळे देशातच तयार झालेले मासे मिळतात. समुद्रातून पकडलेल्या माशापेक्षा ते काटक असतात आणि सोबत परजीवी कमी आणतात. तरी दुकानाच्या टाकीत ते इतर माशांसोबतच राहिलेले असतात, म्हणून क्वारंटाइन त्यांनाही सुटत नाही.

पहिले तीन दिवस औषध नाही. मंद उजेड, थोडं थोडं खाणं, तळाची घाण रोज नळीने ओढायची, अमोनिया रोज तपासायचा. मासा खाऊ लागला की पुढचं वेळापत्रक सुरू. माझा क्रम असा: आधी कॉपर, मग कॉपर पूर्ण काढून प्राझिक्वांटेल हे कृमींवरचं औषध, आणि शेवटी निदान एक आठवडा नुसतं निरीक्षण. यात महिना-सव्वा महिना जातो. मासा ठणठणीत दिसतो म्हणून आधीच मुख्य टाकीत सोडण्याचा मोह होतो. कल्ल्यांतला परजीवी बाहेरून दिसत नाही हे तेव्हा आठवावं.

कोणता रोग आहे?

*व्हाइट स्पॉट*, म्हणजे क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स. पंखांवर, अंगावर मिठाच्या खड्यांएवढे सुटे ठिपके, मासा दगडाला अंग घासतो. याचं जीवनचक्र समजलं की उपचार समजतो. ठिपका म्हणजे कातडीखाली बसून खाणारा परजीवी. तो तीन ते सात दिवस माशावर राहतो, मग बहुतेकदा अंधारात गळून पडतो आणि तळाशी, दगडाला किंवा काचेला चिकटून कडक गाठ बनतो. गाठीच्या आत विभाजन होऊन शेकडो पिल्लं तयार होतात. ती तीन दिवसांपासून कित्येक आठवड्यांपर्यंत कधीही बाहेर पडतात आणि एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर मरतात. औषध लागू पडतं ते फक्त या पोहणाऱ्या पिल्लांवर. अंगावरच्या ठिपक्यावर नाही, गाठीवरही नाही.

ठिपके गायब झाले म्हणजे रोग गेला असं म्हणूनच धरायचं नसतं. ते गळून पडलेले असतात. या मधल्या दिवसांत लसूण पाजणारा, हळद टाकणारा आणि तालुक्याच्या दुकानातली निळ्या औषधाची बाटली ओतणारा, तिघेही आपला उपाय लागू पडला म्हणून सांगत सुटतात. आठवड्या-दोन आठवड्यांनी दुप्पट-तिप्पट ठिपके घेऊन रोग परततो. पाणी ३० अंशांवर तापवायचा उपाय गोड्या पाण्यातल्या इचचा आहे. तो वेगळा परजीवी, इथे त्याचा उपयोग नाही.

*व्हेल्वेट*, म्हणजे ॲमिलोऊडिनिअम. ठिपके इतके बारीक की मोजताच येत नाहीत, तिरक्या उजेडात अंगावर सोनेरी-राखाडी भुकटी दिसते. पण बऱ्याचदा तेही दिसायच्या आधी वागणं बदलतं: धापा टाकणं, उजेड टाळणं, पंपाच्या प्रवाहात तोंड खुपसून उभं राहणं, अचानक खाणं सोडणं. असं दिसलं की उद्यावर ढकलू नका.

*ब्रुकलिनेला* क्लाउनफिशमध्ये जास्त. अंगावरून दाट पांढरट चिकट थर सुटतो, कातडी सोलल्यासारखी दिसते, श्वास वाढतो. कॉपर याच्यावर चालत नाही.

*युरोनिमा* क्रोमिस आणि डॅमसेलवर. कुशीवर लालसर, भाजल्यासारखी जखम. हा परजीवी माशावाचूनही टाकीत जगतो, खात्रीचा उपचार नाही. जखम दिसलेला मासा ताबडतोब वेगळा करा. बहुतेक जगत नाहीत, मरतात.

*फ्लूक*, म्हणजे कातडीवरचे आणि कल्ल्यांवरचे चपटे कृमी. डोळे धुरकट होतात, मासा डोकं झटकतो, एकाच कल्ल्याने श्वास घेतो, ठिपके मात्र नसतात.

फुलकोबीसारखे गाठोडे पंखांच्या कडेला दिसले तर तो विषाणूचा लिम्फोसिस्टिस. त्याला औषध नाही आणि गरजही नाही. चांगलं खाणं द्या, बहुतेकदा आपोआप जातो.

शंका असेल तर सूक्ष्मदर्शक. तालुक्याच्या कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात तो असतोच, आणि शिक्षकांना अशा कामात सहसा रसही असतो. माशाच्या कुशीवरून काचपट्टीने हलकेच ओरखडा घेऊन, टाकीच्याच पाण्याच्या थेंबात, लगेच बघायचं. शंभर पटीला पुरेसं दिसतं. सावकाश गरगर फिरणारा मोठा गोल म्हणजे व्हाइट स्पॉट. न हलणारे, नासपतीच्या आकाराचे गडद थेंब म्हणजे व्हेल्वेट. वालाच्या दाण्यासारखे चपटे आणि भराभर सरपटणारे ब्रुकलिनेला.

घरचा तपास म्हणजे गोड्या पाण्याची डुबकी. आरओचं पाणी टाकीच्या तापमानाला आणा, चिमूटभर खायचा सोडा टाकून पीएच ८.२ च्या आसपास न्या, अर्धा तास हवा सोडा. मासा त्यात पाच मिनिटं ठेवा, नजर हटवू नका. फ्लूक असतील तर पांढरे पडून तिळासारखे तळाशी गळतात. व्हेल्वेटच्या माशालाही या डुबकीने घडीभर श्वास मिळतो. व्हाइट स्पॉट कातडीखाली असल्याने त्याला काही होत नाही. मासा आडवा पडून निपचित झाला तर वेळ न बघता बाहेर काढा.

कॉपर

व्हाइट स्पॉट आणि व्हेल्वेट या दोघांवर चालणारं, पिढ्यान्‌पिढ्या वापरलं गेलेलं औषध म्हणजे कॉपर. आपल्याकडे पहिला विचार येतो मोरचुदाचा. वरुड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात तर खोडाला बोर्डो लावायला घरोघरी मोरचूद पडलेलं असतं. रसायन तेच, कॉपर सल्फेट. तरी कृषी केंद्रातलं मोरचूद टाकीत टाकू नका असंच मी सांगेन, कारण हिशेब बघा. साध्या कॉपर सल्फेटचं उपचाराचं प्रमाण लिटरला फक्त ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम तांबं. मोरचुदात वजनाच्या साधारण २५ टक्के तांबं असतं. म्हणजे १०० लिटरला सुमारे ७९ मिलिग्रॅम मोरचूद. किराणा दुकानाच्या काट्यावर हे वजन दिसतही नाही. वर ते खाऱ्या पाण्यात लवकर खाली बसतं, दिवसातून दोनदा मोजून भरून काढावं लागतं. शेतीच्या दर्जाच्या मालात आणखी काय मिसळलंय तेही कळत नाही.

त्यापेक्षा कीलेटेड कॉपर, म्हणजे दुसऱ्या रसायनाशी बांधलेलं आणि लवकर खाली न बसणारं तांबं, घ्या. कॉपर पॉवर हे त्यातलं माहितीतलं नाव. त्याचं प्रमाण लिटरला २ ते २.५ मिलिग्रॅम. क्युप्रामाइन वेगळ्या जातीचं, त्याचं ०.५. या तिन्ही आकड्यांची सरमिसळ म्हणजे सरळ मृत्यू, तेव्हा हातातल्या बाटलीवरचं लेबल वाचूनच पुढे जा. मोजायला हाय रेंज कॉपरचा डिजिटल चेकर घ्या. रंग जुळवायच्या किटवर २ आणि २.५ मधला फरक डोळ्याला कळत नाही. चेकर महाग आहे. पण मोजायचं साधन नसेल तर कॉपर सुरूच करू नका, पुढे दिलेली टाकीबदलीची रीत वापरा.

टाकीत प्रत्यक्ष पाणी किती आहे ते भरतानाच मगाने मोजून लिहून ठेवा. मासा निरोगी दिसत असेल तर पूर्ण प्रमाण चार-पाच दिवसांत चढवा. व्हेल्वेट असेल तर एवढी सवड नसते, एक-दोन दिवसांतच गाठावं लागतं. फिल्टरमधला कार्बन काढून टाका, यूव्ही दिवा बंद करा. पाणी बदलाल तेव्हा नवीन पाण्यात आधीच तेवढंच कॉपर मिसळा. रोज मोजा आणि वहीत लिहा. आकडा उपचाराच्या पातळीखाली गेला की दिवसांची मोजणी पुन्हा एकपासून.

एकाच टाकीत ठेवणार असाल तर सलग ३० दिवस. दुसरी स्वच्छ, कोरडी केलेली टाकी दहा फुटांवर तयार असेल तर १४ दिवस पूर्ण प्रमाणात ठेवून मासा तिकडे हलवता येतो. तोवर माशाच्या अंगावरचं सगळं गळून गेलेलं असतं आणि गाठी जुन्या टाकीत मागे राहतात.

मासा खाणं सोडून देत असेल तर थोडं पाणी बदलून प्रमाण खालच्या मर्यादेवर आणा. रॅस, बुटके एंजल, मँडरिन आणि पफर कॉपरला नाजूक असतात, त्यांना सावकाश चढवा. अमोनिया बांधणारी रसायनं कॉपरसोबत वापरू नका, काहींमुळे कॉपर अधिक विषारी होतं. अमोनिया वाढला तर पाणी बदलणं हाच उपाय. आणि कोळंबी, खेकडे, गोगलगायी, ॲनिमोन यांच्या टाकीत कॉपरचा थेंबही नको, सगळे मरतील.

मेडिकलमधल्या क्लोरोक्विनचीही चर्चा असते. ते व्हेल्वेटवर चालतं हे खरं. पण ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारं औषध आहे, गोळीत भरीचे पदार्थ असतात, आणि पाण्यात किती उरलं ते घरी मोजता येत नाही. गावात बसून मी त्याच्या नादी लागणार नाही.

औषधाविना : टाकीबदली

व्हाइट स्पॉटसाठी, आणि फक्त व्हाइट स्पॉटसाठी, ही रीत मला गावाकडे सगळ्यात सोयीची वाटते. परजीवी माशावर जास्तीत जास्त सात दिवस राहतो आणि गाठ फुटायला किमान तीन दिवस लागतात. गाठ फुटायच्या आत मासा दुसरीकडे हलवत राहिलं की परजीवी मागेच राहतो.

४० लिटरचे दोन स्वच्छ प्लास्टिक टब, दोन हवेचे पंप, दोन जोड पीव्हीसी. पहिल्या दिवशी मासा पहिल्या टबात. चौथ्या दिवशी, ७२ तास पूर्ण व्हायच्या आत, दुसऱ्यात. सातव्या, दहाव्या आणि तेराव्या दिवशी पुन्हा तसंच. मागे राहिलेला टब आणि सगळं सामान ब्लीचने धुऊन खळखळून विसळा आणि उन्हात खडखडीत वाळवा. आपलं ऊन इथे कामाला येतं. माशासोबत जुनं पाणी कमीत कमी जाऊ द्या. तापमान आणि घनता दोन्ही टबांत तंतोतंत सारखी ठेवा.

पाच वेळा ४० लिटर म्हणजे २०० लिटर पाणी, साडेसात किलोच्या आसपास मीठ. औषधाचा खर्च वाचतो तो मिठात जातो, पण मीठ घरात वर्षभर टिकतं. प्रत्येक टबात जेमतेम तीन दिवस असल्याने अमोनियाही हाताबाहेर जात नाही, तरी खाणं बेताचं द्या.

कमी क्षारतेचा उपाय, म्हणजे घनता १.००९ वर चार आठवडे धरून ठेवणं, हाही व्हाइट स्पॉटवर चालतो. पण आकडा १.०११ झाला तरी मेहनत वाया, पीएच सारखा घसरतो, आणि व्हेल्वेटवर त्याचा परिणाम नाही. निदान पक्कं आणि रिफ्रॅक्टोमीटर खात्रीचा असेल तरच.

फॉर्मलिन आणि प्राझिक्वांटेल

ब्रुकलिनेलावर फॉर्मलिनचं स्नान. ३७ टक्क्यांचं फॉर्मलिन, १० लिटर टाकीच्याच पाण्यात दीड मिलिलिटर, इंजेक्शनच्या सिरिंजने मोजून. जोरदार हवा सोडून ३० ते ४५ मिनिटं. मग मासा कोऱ्या टाकीत. दिवसाआड असं तीनदा. फॉर्मलिन कर्करोगकारक आहे. ओसरीवर, मोकळ्या हवेत, हातमोजे घालूनच काम करा, मुलांना जवळ येऊ देऊ नका. बाटलीच्या तळाशी पांढरा साका दिसला तर ती फेकायचीच. तो साका माशांना मूळ औषधापेक्षा घातक असतो.

फ्लूकवर प्राझिक्वांटेल, लिटरला २.५ मिलिग्रॅम. अंड्यांवर ते चालत नाही, म्हणून पाच ते सात दिवसांनी दुसरा डोस द्यावाच लागतो. कुत्र्याच्या जंताच्या गोळ्यांत हे असतं खरं, पण सोबत दुसरी एक-दोन औषधंही असतात. त्या गोळ्या नकोत. भुकटी पाण्यात सहज विरघळत नाही. परदेशी व्हिडिओत व्होडकात विरघळवा म्हणतात. वर्धा-गडचिरोलीवाल्यांचा तो प्रश्न दारूबंदीच्या कायद्यानेच मिटवलाय, पण इतरांनीही टाळावं. दारूवर जिवाणू वाढतात आणि पाण्यातला ऑक्सिजन खातात. बाटलीत टाकीचं पाणी घेऊन पाच-दहा मिनिटं जोरात हलवा आणि तसंच गढूळ ओता. कॉपर आणि प्राझिक्वांटेल एकाच वेळी सुरू करू नका.

मुख्य टाकीत उद्रेक झाला तर

मुख्य टाकीत काहीही ओतू नका. हवा वाढवा आणि सगळे मासे बाहेर काढा. ठिपके दिसणारेच नाही, सगळे. एक जरी मागे राहिला तरी परजीवी त्याच्यावर जगतो. दगडांमागे पळणारा मासा जाळीने हाती लागत नाही. अर्धं पाणी स्वच्छ टबात काढा, दगड उचला, मग डब्याने पकडा. एखादा अगदीच बेरकी असेल तर प्लास्टिकच्या बाटलीचं तोंड कापून उलटं आत बसवा, खाणं टाका आणि तळाशी ठेवून द्या. हातावर चिरा, काट्यांचे ओरखडे असतील तर हातमोजे घाला. ॲक्वेरियमच्या पाण्यातला एक जिवाणू जखमेतून शिरून महिनोन्‌महिने न भरणाऱ्या गाठी उठवतो.

आता मुख्य टाकी माशांविना ठेवायची. व्हाइट स्पॉटची गाठ ७२ दिवसांनी फुटल्याची नोंद आहे, त्यावरून ७६ दिवसांचा जुना नियम आला. पाणी २७ अंशांवर किंवा त्याहून गरम असेल तर ४५ दिवस पुरे असं बरेच अनुभवी लोक मानतात. उन्हाळ्यात मी ४५ ला हरकत घेणार नाही, हिवाळ्यात मात्र ७६. या काळात गोगलगायी, कोळंबी तिथेच राहू द्या. चिमूटभर खाणं दिवसाआड टाकत राहा, म्हणजे फिल्टरचे जिवाणू उपाशी मरत नाहीत. नवीन मासा, ओला दगड, दुसऱ्याकडून आणलेलं मॅक्रोअल्गी (समुद्री शेवाळ), काहीही आत गेलं की मोजणी पहिल्यापासून.

उन्हाळा आणि लाईट

गोड्या पाण्यापेक्षा खाऱ्या पाण्यात ऑक्सिजन मुळातच सुमारे वीस टक्क्यांनी कमी मावतो. पाणी तापलं की आणखी कमी. कॉपर, फॉर्मलिनने कल्ल्यांवर ताण येतो तो वेगळा. म्हणून एप्रिल-मे मध्ये उपचार करावाच लागला तर हवेचे पंप दोन लावा. पाण्यावर छोटा पंखा सोडला तर दोन-तीन अंश उतरतात. पण त्याच खोलीत कूलर चालू असेल तर दमट हवेमुळे पंख्याचा गुण येत नाही. अशा वेळी बर्फाची बंद बाटली टाकीत ठेवा, एका वेळी एकच. उडालेलं पाणी साध्या आरओच्या पाण्याने भरा, मिठाच्या नाही. मीठ उडत नाही, मागेच राहतं. दोन दिवस हे विसरलं तर घनता चढलेली असते.

लाईट गेल्यावर सगळ्यात आधी हवा बंद पडते. घरोघरी असलेल्या बॅटरीच्या फवारणी पंपात १२ व्होल्टची ८ किंवा १२ एएचची बॅटरी असते. तिच्यावर १२ व्होल्टचा डीसी एअर पंप चालतो. अर्धा अँपिअर ओढणारा पंप चांगल्या बॅटरीवर रात्र काढतो. बॅटरी पुसून, टाकीपासून लांब ठेवून फक्त वायर जवळ आणा.

वापरलेलं पाणी

कॉपरचं पाणी टाकण्याआधी दोन दिवस कार्बन फिरवून चेकरवर आकडा खाली आलेला बघा. तरीही ते विहिरीजवळच्या शोषखड्ड्यात, गोठ्याच्या हौदात किंवा गावतळ्यात टाकायचं नाही. लिंबाच्या, संत्र्याच्या बुडाशीही नाही, मिठाने झाड जळेल. खारपाणपट्ट्यातल्या जमिनीला तर आधीच मीठ जास्त झालंय. थोडं थोडं करून सांडपाण्याच्या नालीत सोडा. उन्हाळ्यात गच्चीवर घमेल्यांत पसरून आटवलं तर उरलेले खडे पिशवीत बांधून कचऱ्यात टाकता येतात. घमेल्यांवर जाळी टाका, म्हणजे पाखरं तहानेने तोंड घालणार नाहीत. फॉर्मलिन स्नानाचं पाणीही भरपूर पाणी मिसळून नालीतच सोडा.